कुठलाही एक फोटो

जानेवारीतला रविवार, दुपार. जागा: रिसाली, आमच्या मंडळाचं ऑफिस. हजर: मी आणि सचिव वानखेडे वहिनी. बाकी कमिटी येतो म्हणाली होती.

चमत्कार, संकेत असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. नोकरीत डेटाबेसच सांभाळते — एरर आली की कारण शोधायचं, दुरुस्त करायचं, यादीत टिक करायची.

मंडळाच्या जुन्या फोटोंसाठी सर्च तयार करत होते. ‘हळदीकुंकू’ शोधलं की दरवर्षीच्या कार्यक्रमाचा एकच फोटो वर यावा, तो उघडला की बाकीचे. सगळे फोटो माझ्या मिस्टरांनी काढलेले. ते जाऊन दोन वर्षं झाली. काढणारे तेच, त्यामुळे एकाही फोटोत ते नाहीत... मी शोधून पाहिलंय.

सर्चला लागणारी सूची, इंडेक्स, बनेना. ग्रुपिंगची एरर — कार्यक्रम एक, फोटो शेकडो, नेमका कोणता घेऊ ते सांगितलंच नाही. नियम नंतर ठरवू म्हणून मी लिहिलं, कुठलाही घे. इंडेक्स बनला.

वहिनी स्क्रीनकडे वाकल्या. “काय वं, सगळीकडे तूच दिसून राहिली. मंडळ नावावर करून घेतलं का?”

खरंच. प्रत्येक वर्षी मीच. पेन दातात धरून तिळगुळाची पाकिटं मोजताना. खुर्च्या लावून घेताना, पाठमोरी. मी फोटोला कधी उभी राहत नाही. हे काढलेले मला माहीतही नव्हते; फोटो चाळताना मी फक्त त्यांनाच शोधत होते. तपासलं — दर कार्यक्रमात असा एकच होता.

डेटाबेस बहुधा पहिला सापडेल तो उचलतो. हे पहिले नव्हते. फोटोंचा क्रम बदलून सगळं पुन्हा भरलं, इंडेक्स नव्याने केला. तेच आले.

वहिनींचं हसू गेलं. “भाऊजींनं तुले कधी दाखवले नाही का हे?”

“नाही.”

“आज राहू दे मग. पण वर ग्रुप फोटो येईन असा नियम टाकजो बाई. लोक बोलतीन.”

बरोबर आहे त्यांचं. एका ओळीचं काम आहे. हे फोटो मी वेगळे ठेवलेत, हरवायची भीती नाही. पण आत्ता मी विचारते आणि कोणीतरी निवडून देतं... नियम टाकला की ते थांबेल.

मरोद्याला घरी एकटीचं जेवण झालं की लॅपटॉप उघडते, ‘हळदीकुंकू’ शोधते, बघते, बंद करते. कारण अजून सापडलेलं नाही. कमिटीचे दोन फोन येऊन गेले.

नियम टाकणे — बाकी.