लॉनसाठी लाख दुर्वा

उत्तराबाई पोतनीस यांचं देवाशी कधी भांडण नव्हतं. भांडण होतं ते नवऱ्याशी, आणि तेही नवरा रिटायर झाल्यापासूनचं. त्याआधी मार्तंडराव सकाळी भरलेला डबा घेऊन जायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे, आणि मधल्या वेळात स्वयंपाकघर उत्तराबाईंचं असायचं. असं सगळं सुखानं चाललेलं असताना सरकारनं त्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. सरकारचं काय जातं म्हणा.

मार्तंडरावांची उभी नोकरी ऑडिटात गेलेली. दुसऱ्याच्या टेबलावर जायचं आणि चुका काढायच्या, ही सवय. आता टेबल एकच उरलं होतं आणि ते ओट्याजवळ होतं. आधी त्यांनी नुसतं विचारलं, "उत्तरा, हे जिरं इतकं का जाऊन राहिलं?" मग कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले. मग एक दिवस बाई दळण आणायला गेल्या आणि परत येऊन बघतात तर यांनी मांडणीवरचे सगळे डबे वर्णानुक्रमे लावून ठेवलेले. आमचूर आणि ओवा, ज्यांची आठवण सणासुदीला होते, ते हाताशी. आणि हळद 'ह'वर, म्हणजे थेट वरच्या फळीवर. तेल तापलंय, मोहरी उडून राहिली आहे आणि घरची बाई स्टुलावर चढलेली, असा देखावा रोजचा झाला. उत्तराबाईंनी डबे खाली आणले की दुपारच्या झोपेनंतर ते पुन्हा वर गेलेले असायचे.

देवालाच दया आली असावी. नागपुरातल्या महाल भागातलं भाड्याचं घर सोडून दोघं गावाबाहेर बेसाला रो-हाऊसमध्ये राहायला आली होती आणि घरापुढे अर्धं बॅडमिंटन कोर्ट मावेल एवढी मोकळी जागा होती. आषाढात मार्तंडरावांनी मोबाइलवर कुण्या माणसाला हिरव्यागार लॉनवर अनवाणी चालताना पाहिलं आणि त्यांच्या मनानं घेतलं. बियाणं आलं, फावडं आलं, झारी आली. त्या दिवसापासून स्वारी जी अंगणात गेली ती जेवायलाच आत यायची. उत्तराबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हळदीचा डबा गॅसच्या अगदी बाजूला ठेवला, आणि तो तिथेच राहिला. त्या आनंदात त्यांनी त्या दिवशी शिरा केला, आणि नवऱ्यानं तूप किती घातलं ते विचारलं नाही.

पण लॉन काही नीट येईना. पेरल्याबरोबर नागपुरी पाऊस असा कोसळला की निम्मं बी वाहून फाटकाशी जमा झालं. फाटकापाशी दाट जंगल आणि बाकी अंगणात चट्टे. मार्तंडरावांनी हार मानली नाही. चट्ट्यांना त्यांनी जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं दिली, म्हणजे हिशेब ठेवायला बरं. हा काटोल, हा उमरेड, हा पायरीजवळचा मोठा तो कुही. रोज सकाळी फिरायला जायचं, आल्यावर एकेक तालुका खुरप्यानं भुसभुशीत करायचा, चाळलेली माती आणि शेणखत घालायचं, पुन्हा बी टाकायचं, वर ओलं पोतं अंथरायचं, आणि पाणी झारीनं द्यायचं, हलक्या हातानं. फोनवर मित्रांना सांगायचे, उमरेडला बरं आहे, पण कुहीत काही म्हणजे काही उगवत नाही.

हे शेजारच्या प्रेमिलाताईंनी ऐकलं. त्या मूळच्या कुहीच्या, माहेरी अजून धानाची शेती. त्या तडक कंपाउंडच्या भिंतीशी आल्या. "वैनी, भाऊ आमच्या कुहीले काहून नावं ठेवून राहिले? तिथं धान पिकते, धान!" उत्तराबाईंनी त्यांना आत बोलावून चट्टा दाखवला तेव्हा कुठे त्या शांत झाल्या. मग खाली वाकून त्यांनी फाटकाजवळचं गवत पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ही तर हरळी. जी वावरातून काढता काढता त्यांच्या माहेरची माणसं म्हातारी झाली, ती यांनी पाकिटातून विकत आणून पेरली होती. उत्तराबाईंनीही तेव्हाच पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं. पाकिटावर इंग्रजी नाव आणि गोल्फ खेळणाऱ्या माणसाचा फोटो होता, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पण कोवळी, तीन पानांची. अगं बाई, ह्या तर दुर्वा!

श्रावण लागला तरी चट्टे होते तिथेच. पुण्याहून केयूरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोनवर सुचवलं की बाबा, प्लास्टिकचं गवत मिळतं, गुंडाळी आणायची आणि अंथरायची. मार्तंडराव त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "दसऱ्यापर्यंत भरलं तर भरलं. नाही तर फरशी टाकून मोकळा होतो. मग पूर्णवेळ तुझ्या मदतीला आहेच मी."

उत्तराबाईंना तो मोठा स्टूल दिसायला लागला, वरची फळी दिसायला लागली. आणि मदत शब्द तर त्यांच्या कानातून जाईचना.

अशा वेळी माणूस कुठे जातो? देवाकडे. पोतनिसांच्या घरचं दैवत गणपती. उत्तराबाई आंघोळ करून देवघरात बसल्या आणि त्यांनी साकडं घातलं: बाप्पा, यांचं लॉन भरू दे, मी रोज तुला एकवीस दुर्वा वाहीन. महालात असताना फुलवाली दारात पुडी टाकून जायची. बेसाला कुणी फुलवाली फिरकत नव्हती. पण घरच्या अंगणात दुर्वा असताना फुलवाली हवीच कशाला? मार्तंडराव फिरायला गेले की बाई ताम्हण घेऊन बाहेर यायच्या आणि दुर्वा खुडायच्या. देवाला जून झालेलं कसं द्यायचं, म्हणून कोवळ्यातली कोवळी बघायच्या. सगळ्यात कोवळी कुठे असायची? जिथे नुकतं बी उगवलंय तिथे. म्हणजे कुहीत.

पंधरवड्यानं कुही होती त्याहून मोठी झाली. उत्तराबाईंना वाटलं, देव परीक्षा पाहून राहिला. त्यांनी एकवीसच्या एकशे आठ केल्या. मग काटोल गेलं. मग उमरेड, जे बरं होतं, तेही विरळ दिसायला लागलं. बाईंनी मोजणं सोडलं आणि ताम्हण भरून वाहायला सुरुवात केली. इतकी भक्ती त्यांनी केयूरच्या बारावीलाही केली नव्हती.

इकडे मार्तंडरावांची झोप उडाली. उगवलेलं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी नसतं, हा अपहार आहे, असं त्यांचं ठाम मत झालं. आधी त्यांचा संशय चिमण्यांवर होता, मग खारींवर, मग जमिनीतल्या कुठल्याशा अळीवर. त्यांनी लॉनवर जाळी ताणली. बाई जाळीची कड उचलून आत हात घालायच्या, नि काम झालं की कड नीट बसवायच्या, यांनी किती मेहनतीनं लावली म्हणून. मार्तंडरावांनी कडुनिंबाचा अर्क फवारला. दुसऱ्या दिवशी दुर्वांना कडू वास यायला लागला तेव्हा उत्तराबाईंनी त्या दोन पाण्यांतून धुतल्या आणि देवाची क्षमा मागितली. दोघं नवराबायको एकाच गवतासाठी जिवाचं रान करत होती, आणि जेवताना एकमेकांची समजूत घालत होती. ते म्हणायचे, तू काळजी करू नको. या म्हणायच्या, बाप्पा बघून घेईल.

भाद्रपदात गौरी-गणपती आटोपले तेव्हा अंगणात गवतापेक्षा माती जास्त होती. मार्तंडरावांनी फरशीवाल्याला फोन करून ठेवला. त्याच सुमारास अमरावतीहून बहिणीचा निरोप आला, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, ये. जाण्याआधी उत्तराबाई देवापुढे बसल्या आणि त्यांनी शेवटचा डाव टाकला. दसऱ्याच्या आत भरू दे बाप्पा. याच लॉनच्या लाख दुर्वा वाहीन. मग त्या बॅग घेऊन बसमध्ये बसल्या, आणि अमरावती येईपर्यंत त्यांचा जीव देवघरात कोण दिवा लावेल यातच अडकलेला होता.

बहिणीकडे त्या पितृपक्ष संपत येईपर्यंत राहिल्या. परत आल्या, रिक्षातून उतरल्या आणि फाटकातच थांबल्या. अंगण हिरवंगार. काटोल, उमरेड, कुही, सगळं एक झालेलं. मधोमध मार्तंडराव अनवाणी उभे, हात कमरेवर, मोबाइलमधल्या त्या माणसासारखेच. त्यांनी सांगितलं की ही सगळी आंबट ताकाची करामत आहे. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी रोज सकाळी ताक शिंपडलं होतं आणि अळी पळाली. उत्तराबाईंनी मान डोलावली, पण मनातल्या मनात हात जोडले ते ताकाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे ताम्हण घेऊन बाहेर आल्या. कुहीजवळ वाकल्या, एक कोवळी दुर्वा चिमटीत धरली, हलकेच ओढली. दुर्वा मुळासकट हातात आली. मागे मातीचा एवढासा ठिपका राहिला. बाईंनी त्या ठिपक्याकडे पाहिलं. मग हातातल्या मुळाकडे पाहिलं. मग रिकाम्या ताम्हणाकडे पाहिलं, जे महिनाभर रोज काठोकाठ भरत होतं. आणि त्या पायरीवर मटकन बसल्या.

आधी लाज वाटली. मग हसू यायला लागलं, ते थांबेचना. देवघरात जाऊन त्यांनी गणपतीला सुनावलंच, "माझं डोकं नाही चाललं, मान्य आहे. पण तू तरी एका शब्दानं बोलायचं होतं." मार्तंडरावांना त्यांनी काही सांगितलं नाही. ताकाचं श्रेय ताकाकडेच राहू दिलं. देवाच्या दुर्वा त्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमधून आणायला लागल्या, आणि लाखाचं पुढे बघू, देव काही तगादा लावत नाही, असं ठरवून टाकलं.

फरशीवाला गेला, लॉन राहिलं. आता सुखच सुख, असं उत्तराबाईंना वाटलं. आणि घटस्थापनेच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात शिरल्या तर हळद वरच्या फळीवर.

त्याचं असं झालं होतं की भरलेल्या लॉनला फारसं काही लागतच नाही. सकाळी पाणी घातलं की माणूस मोकळा. चाळायला माती नाही, झाकायला पोतं नाही, पकडायला चोर नाही. मार्तंडराव थोडा वेळ हिरवळीकडे बघत बसायचे, मग उसासा टाकून आत यायचे. नवरात्रभर त्यांनी साबुदाणा भिजवायचं पाणी मापून दिलं. दसऱ्याला पुरणाचं ऑडिट केलं. कोजागिरीला शेजारपाजारची मंडळी लॉनवर दूध प्यायला यायची होती, तर हे संध्याकाळभर गॅसशी उभे, घरातला तापाचा थर्मामीटर हातात घेऊन. दूध ऐंशी अंशांच्या वर गेलं तर केशराचा गुण जातो, असं कुठेसं वाचलं होतं त्यांनी. थर्मामीटर दुधात फुटला. पातेलंभर मसाला दूध मोरीत गेलं आणि पाहुण्यांना उत्तराबाईंनी कोकम सरबत दिलं.

त्या रिकामं पातेलं घासत असताना त्यांना नवस आठवला.

संकष्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी जेवताना विषय काढला. नवस बोललेय, लाख दुर्वांचा, याच लॉनच्या. तुमच्या लॉनसाठीच बोलले होते. मार्तंडरावांचा घास हातातच राहिला. पण गणपतीचं देणं, त्याला नाही कसं म्हणायचं. त्यांनी एवढंच विचारलं की पलीकडच्या प्लॉटातल्या नाही का चालणार. बाई म्हणाल्या, शब्द दिलाय.

संकष्टीला सकाळीच गल्लीतल्या बाया आल्या, प्रेमिलाताई सगळ्यांत पुढे. त्यांनी साडीचा काचा मारला आणि ओळ धरून बसल्या. उपटायच्या कामात त्यांचा हात कुणी धरला नसता. बाकीच्या बायांना त्या ओरडत होत्या, हात चालवा वं, असं कुरवाळत काय बसल्या. गप्पा, हसणं, एकवीस-एकवीसच्या जुड्या, टोपल्यांवर टोपल्या. मार्तंडराव फाटकाशी उभे राहून तालुक्यांमागून तालुके जाताना बघत होते. दुपारपर्यंत गणपती दुर्वांच्या ढिगात दिसेनासा झाला आणि अंगणात माती उघडी पडली.

बाया गेल्यावर उत्तराबाई चहा घेऊन बाहेर आल्या. आता त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मार्तंडराव कुहीत उकिडवे बसले होते आणि बोटानं माती उकरून बघत होते. त्यांनी चहाचा कप घेतला.

मग म्हणाले, "खरं सांगू? भरल्यापासून मला करमतच नव्हतं. आत येऊन तुला त्रास देत होतो, कळायचं मला. पण जाऊ कुठे?"

उत्तराबाईंनी फक्त विचारलं की बी शिल्लक आहे का. बी शिल्लक होतंच, आणि या वेळी ताक सुरुवातीपासून देणार होते ते. थंडीच्या आत रुजायला हवं, म्हणून अर्धा चहा तसाच ठेवून मार्तंडराव माती चाळायची चाळणी शोधायला गेले.

बाई आत आल्या. स्टूल घेतला, वरच्या फळीवरून हळदीचा डबा उतरवला, गॅसच्या बाजूला ठेवला. मग देवघरात जाऊन दुर्वांच्या ढिगातून गणपतीचं तोंड मोकळं केलं, निरांजन लावलं आणि हात जोडले.

"नवस नाही बोलत मी आता," त्या हळूच म्हणाल्या. "पण बाप्पा, या वेळी घाई करू नकोस."