भुयारातलं बोलणं

हुमनाबादच्या बाजारात भगवानरावांकडं घड्याळ टाकायला निघालेल्या माणसाला लोक एक सल्ला द्यायचे: कधी मिळेल म्हणून विचारू नका. विचारलं की भगवानराव डोळ्याचं भिंग न काढता म्हणायचे, "झालं की मिळंल." खोटी तारीख द्यायची नाही, हा त्यांचा नियम. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, पण जी राहिली ती मुलाबाळांची घड्याळंही तिथंच आणू लागली.

भगवानरावांचा जन्म जवळच्या निर्णा गावचा. वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला, तेव्हा भगवानराव मिसरूड फुटण्याच्या वयात होते. देव्हाऱ्याचा कोनाडा रिकामा झाला आणि वडिलांनी तिथं चावीचं घड्याळ आणून ठेवलं. ते दोन महिन्यांत बंद पडलं. भगवानरावांनी ते उघडलं आणि पुरतं बंद पाडलं. वडील म्हणाले, "आता शिकूनच ये." म्हणून ते हैदराबादला एका घड्याळजीच्या हाताखाली राहिले आणि परत आल्यावर सगळ्यात आधी कोनाड्यातलं घड्याळ चालू केलं. मग हुमनाबादला दुकान टाकलं. दुकानामागच्या खोलीत संसार, संसारात विमलबाई आणि रविवारी दुपारी रमी.

रमीला चौघं असायचे. भगवानराव, निर्ण्याच्या वाटेवर शेती असलेले श्रीपतराव, आडत दुकानाचे निंगप्पा आणि बाबूलाल शिंपी. पैसे लावायचे नाहीत, कारण विमलबाईंनी बजावलं होतं. त्यामुळं भांडणं फक्त डावावरून व्हायची आणि चहा आला की मिटायची.

चौऱ्याऐंशी साली श्रीपतरावांनी मुलीचं लग्न केलं. पत्रिका लातूरहून छापून आली. तिच्यात भावकीची नावं होती, सोयऱ्यांची होती, सोसायटीच्या चेअरमनचंही होतं. निंगप्पांचं नव्हतं. सगळ्यात खाली 'समस्त मित्रमंडळ' असं होतं.

"मी समस्त व्हय?" निंगप्पांनी भगवानरावांना विचारलं. ते लग्नाला गेले, आहेर केला, जेवले, वरातीत चालले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी श्रीपतरावांशी बोलणं टाकलं. श्रीपतरावांना आठवडाभर पत्ताच लागला नाही. लागल्यावर त्यांनीही टाकलं. "त्याला राग यायलाय तर मला कामून येऊ नये?" असा त्यांचा हिशेब होता.

रमी मोडली. रविवारी दुपारी भगवानराव दुकानात एकटे बसू लागले. घड्याळांच्या टकटकीत माणसाला करमतं, हा लोकांचा गैरसमज आहे. सगळी घड्याळं वेगवेगळी वाजत असतात. त्यांनी दोन्हीकडं खेटे घातले. दोन्हीकडं चहा मिळाला, बाकी काही नाही. चार माणसं पुन्हा एका सतरंजीवर बसावीत, एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि तेवढंच होत नव्हतं.

अशात कंपनीनं विलायतेला शिकायला पाठवलेला त्यांचा भाचा परत आला आणि मामाला एक पुठ्ठ्याची पेटी देऊन गेला. झाकणावर पंख असलेला ड्रॅगन आणि त्याच्यापुढं तलवार उगारलेला गडी. नवशिक्यांसाठी आहे, असं इंग्रजीत छापलेलं. आत दोन पुस्तकं आणि एक रंगीत खडू. खडू फाशांवरचे आकडे रंगवायचा होता, पण फासे नव्हते. भाच्यानं पेटी तिथल्या जुन्या बाजारातून घेतली होती.

पुस्तकं वाचायला भगवानरावांना पावसाळा लागला. एका हाताशी डिक्शनरी, दुसऱ्या हाताशी चिमटा. खेळ असा होता: एकानं मास्तर व्हायचं. त्यानं भुयार, किल्ला, जनावरं मनात तयार ठेवायची आणि तोंडी सांगत जायचं. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाच्या तोंडून बोलायचं. तलवार लागली की चुकली, हे फासा ठरवणार.

'त्या सोंगाच्या तोंडून बोलायचं' या वाक्याशी आल्यावर भगवानरावांनी चिमटा खाली ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ते आडतीत गेले.

"मी त्याच्याशी बोलणार न्हाई अण्णा," निंगप्पा म्हणाले.

"तुम्हाला कोण बोला म्हणायलंय? मांत्रिक बोलंल."

"कोण मांत्रिक?"

"तुम्ही."

निंगप्पांनी तुरीच्या ढिगात हात घालून थोडा वेळ विचार केला. "मांत्रिकाचं आन् त्याचं काही वाकडं न्हाई, हे खरं हाय," ते म्हणाले.

फाशाचा प्रश्न डिजिटल घड्याळानं सोडवला. दुबईहून येणाऱ्या या घड्याळांवर भगवानरावांचा राग होता. आत चाक नाही, स्प्रिंग नाही. मेलं की मेलं. पण त्यातल्या एकात स्टॉपवॉच होतं, आणि सेकंदाच्या मागचे आकडे डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या वेगानं पळायचे. बटण दाबलं की शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत कुठंही थांबायचा. त्यांनी पुस्तकातले सगळे नियम दहावर बसवून घेतले. घड्याळ मास्तरच्या तळहातात राहायचं आणि आकडा मास्तरच सांगायचा.

पहिल्या रविवारी तशाच समजुतीवर श्रीपतराव आले, निंगप्पा आले आणि एकमेकांकडं पाठ होईल असे बसले.

"पट कुठाय?" श्रीपतरावांनी विचारलं.

"पट न्हाई. मी सांगतो ते डोळ्यापुढं आणायचं."

"आन् सोंगट्या?"

"तुम्हीच."

"जिंकतंय कोण?"

"कुणीच न्हाई. जित्तं राहायचं, बस."

"हे तर घरी बी चालूच हाय की मियाँ," बाबूलाल म्हणाला. त्याला चोराचं सोंग आलं. शिंप्याला कापडचोर म्हणतातच लोक, आता उघड झालं, असं म्हणून त्यानं ते आनंदानं घेतलं. श्रीपतराव योद्धा झाले. नाव रणधीर. योद्ध्याला बारा एकर बागायत असलीच पाहिजे, असा हट्ट धरून त्यांनी ती मिळवली. निंगप्पा मांत्रिक जोगय्या झाले.

भगवानरावांनी त्यांना भुयारात उतरवलं. अंधार गुडूप, पुढं पाण्याचा आवाज. कंदील मांत्रिकाकडं.

"त्या मांत्रिकाला सांगा, उजेड इकडं कर म्हणावं," श्रीपतराव भगवानरावांना म्हणाले.

"मास्तर भुयारात नसतो. तुमचं तुम्ही सांगा."

विमलबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. शेवटी श्रीपतरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत हाक मारली, "ए जोगय्या! उजेड कर की इकडं."

निंगप्पा छताकडं बघत म्हणाले, "करतो की रणधीरा. पण पुढं तूच चाल. मला बायकापोरं हायत."

"मांत्रिकाला बायकापोरं?"

"तुला बागायत हाय ते चालतंय व्हय?"

त्या दुपारी दोघं तीन तास बोलले. खेळ संपला तसे उठले, चपला घातल्या आणि एक शब्द न बोलता दोन वाटांनी गेले.

हे दोन वर्षं चाललं. हळूहळू भुयारात भलतेच विषय निघू लागले. पिशाच्च अंगावर येत असताना रणधीर विचारायचा, "जोगय्या, तुमच्याकडं तूर काय भावानं निघायली?" जोगय्या मंत्र अर्धा सोडून भाव सांगायचा. भगवानराव चिडायचे. "भुयारात तूर न्हाई! पिशाच्च चावायलंय तुम्हाला!"

"चावू द्या की मास्तर, जरा दम धरा. ह्यो पेरणीचा प्रश्न हाय."

एका उन्हाळ्यात श्रीपतरावांच्या विहिरीवरचं इंजिन बसलं. रविवारी रणधीरानं जोगय्याला विचारलं, पाणी वर चढवायचा मंत्र येतो का. जोगय्या म्हणाला, बघतो. सोमवारी सकाळी निंगप्पांचा गडी बैलगाडीत इंजिन घालून श्रीपतरावांच्या शेतात हजर. रस्त्यात दोघांची समोरासमोर गाठ पडली, तेव्हा मात्र दोघांनीही मान फिरवली. बाबूलाल लोकांना सांगायचा, "दोन माणसं हायत, पर चार लोकां हायत. दोघां बोलतेत, दोघां नै बोलते."

याच काळात बाबूलालचा चोर पायऱ्यांवरून घसरून मेला. घड्याळात आठ आला, आणि आठ म्हणजे मरण, असं भगवानरावांनी सांगितलं. बाबूलालनं घड्याळ बघायलाही मागितलं नाही. नियमाप्रमाणं तो नवा चोर होऊन पुढच्या रविवारी आला. श्रीपतरावांना ते आवडलं नाही. "हे काय, धोतर बदलल्यागत माणूस बदलायचा? आपलं तसं न्हाई. रणधीर मेला की मी घरी."

हे त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं, आणि श्रीपतराव चारचौघांत म्हटलेलं गिळणारे नव्हते. तेव्हापासून रणधीरावर तलवार आली की भगवानराव बटण दाबायला चालढकल करायचे. रणधीर गेला की रविवार गेला.

अठ्ठ्याऐंशीच्या माघात ड्रॅगन आला. पुस्तकात शेवटी होता म्हणून भगवानरावांनी तो शेवटपर्यंत लांबवला होता. रणधीर एकटाच पुढं धावला. ड्रॅगननं तोंड उघडलं. आठ किंवा नऊ आला तर योद्धा जळणार होता. भगवानरावांनी हे आधी सांगितलं आणि बटण दाबलं.

नऊ.

आकडा फक्त त्यांना दिसत होता. तीन म्हणायला जिभेला काही कष्ट नव्हते. पण बाबूलाल समोर बसला होता. तो त्यांच्या नुसत्या शब्दावर मेला होता, आणि आता मान पुढं काढून तोच विचारत होता, "मास्तर, क्या निकला?"

"नऊ," भगवानराव म्हणाले.

श्रीपतरावांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि गेले. थोड्या वेळानं निंगप्पाही गेले. बाबूलालनं उरलेले दोन्ही चहा प्यायले.

"एक आकडा खोटा सांगितला असता तर काय जीभ झडली असती?" विमलबाईंनी विचारलं.

"मग बाबूलालचा चोर खोटाच मेला म्हणायचा."

"तो जित्ता बसलाय की पुढ्यात! गेले ते दोघं."

भगवानराव पेटीत पुस्तकं भरू लागले.

सोमवारी सकाळी दुकान उघडतात न उघडतात तोच निंगप्पा आले. धुतलेलं धोतर, हातात फडक्यात बांधलेला डबा.

"मास्तर, चला."

"कुठं?"

"श्रीपतरावाच्या घरी. मयत झालीया का न्हाई? बोलायला जावं लागतंय."

भगवानरावांनी भिंग काढलं. निंगप्पांचा चेहरा अगदी सरळ होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे-शेजारी भाकरी घेऊन जातात. त्यात अबोला आडवा येत नाही. हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. डब्यात चार भाकरी आणि पिठलं होतं. भाकरी करून देणाऱ्या बायकोला काय सांगितलं, हे निंगप्पांनी सांगितलं नाही.

श्रीपतरावांच्या बायकोनं, कलाबाईंनी, बांधलेला डबा बघितला आणि हातातली बादली खाली ठेवली. "अगं बाई! कोण गेलं?"

"तुमच्या घरचा रणधीर गेला, अक्का," निंगप्पा ओट्यावर मांडी घालून म्हणाले.

"कोण रणधीर? आमच्या भावकीत कुणी न्हाई."

"आतून विचारा."

श्रीपतराव आतच होते. बराच वेळ बाहेर येईनात. पण दारात भाकरी घेऊन आलेल्या माणसाला बसवून ठेवता येत नाही. ते आले आणि समोर बसले. निंगप्पांनी खाकरून, रिवाजाप्रमाणं मान खाली घालून विचारलं, "कसं झालं हो?"

"कसं झालं म्हणजे?" श्रीपतराव उसळले. "तू तिथंच होतास की!"

हा पहिला शब्द होता. चार वर्षांत श्रीपतराव रणधीर म्हणून नाही, श्रीपतराव म्हणून निंगप्पांशी बोलले होते. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि ते भगवानरावांकडं असे बघू लागले, जणू दाबायचं बटण त्यांच्याकडं आहे. भगवानराव डब्याच्या गाठीकडं बघत बसले.

"होतो," निंगप्पा म्हणाले. "पर विचारावं लागतंय."

"मग नीट विचार."

"कसं झालं?"

श्रीपतरावांनी पहिल्यापासून सांगितलं. ड्रॅगन सांगताना ते उभे राहिले. मध्येच निंगप्पा म्हणाले, "तू धावायलास कामून, मी थांब म्हणालो होतो," आणि तिथून दोघांचं जुंपलं ते एवढं, की शेजारचे गोळा झाले. कलाबाईंना एवढंच कळलं, की घरातलं कुणीतरी जळून मेलं आहे आणि कुणाला फार वाईट वाटलेलं नाही.

"सुतक किती दिवस धरायचं?" त्यांनी विचारलं.

"आम्हा लिंगायतांत सुतक नसतं," निंगप्पा म्हणाले.

"आमच्यात बी न्हाई," भगवानराव म्हणाले.

"मग आमच्यातच कामून?" असं म्हणून कलाबाईंनी बादली उचलली, चूल पेटवली आणि चहा ठेवला.

पुढच्या रविवारी चौघं वेळेवर जमले. श्रीपतराव आणि निंगप्पा शेजारी बसले आणि आल्या आल्या बोलायला लागले. तूर, इंजिनाचा पट्टा, थोरल्या जावयाची बदली. भगवानरावांनी आठवडाभर खपून श्रीपतरावांसाठी नवं सोंग काढलं होतं. रणधीरचा धाकटा भाऊ. ते घसा साफ करून म्हणाले, "तर भुयाराच्या तोंडाशी..."

"थांबा की मास्तर," श्रीपतराव म्हणाले, "महत्त्वाचं बोलायलोत."

भगवानराव थांबले. चहा आला, गेला. पुन्हा त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा निंगप्पा सरकारी गोदामाविषयी सांगत होते. तिसऱ्या वेळी बाबूलालनंच खिशातून पत्त्यांचा जोड काढला. "नक्को मास्तर. आता भुयारात कोण उतरता?"

पत्ते टाकायला सपाट काही हवं होतं. विमलबाईंनी पेटीचं झाकण आणून मधे ठेवलं, ड्रॅगनची बाजू वर.

"उचला मास्तर," निंगप्पा म्हणाले.

"आता मास्तर म्हणू नका," भगवानराव म्हणाले. त्यांनी पान उचललं, हातातले पत्ते दोनदा लावून बघितले आणि इस्पिकची दुर्री ड्रॅगनच्या तोंडावर टाकली.