जग फिरायला निघण्याआधी भांडगावला

वर्षभर जग फिरायचं तर निघण्याआधी हातात किती पैसे लागतात, हे तुमच्यापैकी बरेच जण मला विचारताहेत. खरं सांगायचं तर तिकडच्या खर्चाची मला भीती नाही. तिकडे स्वस्तात राहता येतं, एक वेळ कमी जेवता येतं. माणूस अडकतो तो उंबऱ्याच्या आतच. व्हिसाची फी, वर्षाचा विमा, लसी, बरी सॅक, पायाला चावणार नाहीत असे बूट, पहिलं विमानाचं तिकीट आणि वर बँकेत दाखवायला शिल्लक. हे सगळं आगाऊ. माझा आकडा साडेपाच लाखांपर्यंत गेला. रांजणगावच्या कंपनीत इतकी वर्षं क्वालिटीत काढूनही मला अडीच लाख कमी पडत होते.

मग मला माझी मेंढरं आठवली. आमच्या घरात मुलगी चालायला लागली की तिच्या नावाची एक मेंढी वेगळी काढतात. पुढे तिची कोकरं, त्या कोकरांची कोकरं, सगळी त्या मुलीची. त्यांच्या कानाला तिची खूण करतात आणि लग्नात ती आंदण म्हणून तिच्याबरोबर जातात. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं आंदण भांडगावला आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कळपातच चरत राहिलं. मी कारेगावच्या खोलीत बसून फोन लावला आणि म्हटलं, आबा, माझी तेवढी विकून टाका. ते बरं म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

शनिवारी सकाळी स्कूटर काढली. शिरूरला व्हिसाचे फोटो काढले. फोटोवाल्याने हसू नका म्हणून इतक्यांदा बजावलं की मला हसू आवरेना. स्टँडजवळ मिसळ खाल्ली; रस्सा झणझणीत आहे, नाजूक पोटाच्या मंडळींनी वडापाववर भागवावं. तिथून न्हावऱ्याचा रस्ता धरला. सध्या गाळप चालू असल्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जावं लागतं, आणि एका पाठोपाठ दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, तेव्हा ओव्हरटेकची घाई करू नका. भीमा ओलांडली की दौंड तालुका. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मी लहान असताना यातल्या बऱ्याच पडीक रानांत मेंढरं बसायची. चौफुल्याला चहा घेतला आणि हायवेला लागून भांडगाव गाठलं. जाऊन-येऊन तीनशेचं पेट्रोल पुरलं.

आबा ओढ्याकडून कळप घेऊन येत होते. मी कौतुकाने माझी मेंढरं शोधायला लागले. माझी खूण डाव्या कानाला कातरा, आबांची उजव्या. पहिलीचा डावा कान कातरलेला, दुसरीचाही डावा. कळप कोंडायच्या वाघरीच्या जाळीत सगळी आत गेली तरी मला उजव्या कानाची एकही दिसली नाही. मला वाटलं, आबांचा कळप मागून येतोय.

चुलतभावाची बायको, सुनंदावहिनी, शेजारीच राहते. आबांचं जेवणखाण तीच बघते. भाकरी थापता थापता तिने सांगितलं की मागून कोणी येणार नाही. आबांची स्वतःची मेंढरं तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात विकली गेली. तेव्हा दवाखान्याच्या बिलाचं मी विचारलं होतं, आणि आबा भागलं एवढंच म्हणाले होते. मी पाठवलेले पैसे पहिल्याच आठवड्यात संपले होते, हे मला त्या चुलीपाशी कळलं. आई तर वाचली नाहीच. त्यानंतर आबा रोज हिंडत होते ते माझ्या मेंढरांमागे. तीसेक होती.

मी जेवण टाकून बाहेर आले. म्हटलं, आबा, सौदा मोडा, मला नको ते पैसे. ते म्हणाले, व्यापाऱ्याकडून विसार घेतलाय. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची आगाऊ रक्कम. ती घेतली की आमच्याकडे शब्द फिरवत नाहीत. मी दुप्पट विसार परत द्यायला तयार झाले. आबा दोरखंड गुंडाळत राहिले.

"शब्दाचं ऱ्हाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "आंदान माघारी घेत्यात व्हय, बाय? आईच्या वक्ताला बी म्या तुझ्या मेंढराला हात लावला न्हाई."

"मग तुम्ही दिवसभर काय करणार?"

"लगीन करून गेली आसतीस तरी ही गेलीच आसती की."

लग्न न केल्यामुळे मी घर सोडलंच नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. मला त्यांचा राग आला, आईच्या बिलाचं लपवलं म्हणून, आणि त्याच रागात मी खूप रडले.

रविवारी सकाळी टेम्पो आला. व्यापाऱ्याने नि आबांनी उपरण्याखाली हात घालून बोटांवर शेवटची घासाघीस केली. आबांनी एकेकीच्या कपाळाला भंडारा लावला आणि स्वतः उचलून वर चढवली. एक म्हातारी मेंढी चढेना, तर तिला ते बराच वेळ नुसतं थोपटत बसले. टेम्पो हायवेला लागला. आबांनी पैसे न मोजता माझ्या हातात दिले, काठी घेतली आणि रोजच्या वेळेला ओढ्याच्या वाटेला लागले. मी हाक मारली नाही. वहिनी म्हणाली, जाऊ दे, येतील.

परतीच्या वाटेवर मी कुठेही थांबले नाही, त्यामुळे खाण्यापिण्याचं सांगण्यासारखं काही नाही. आगाऊ खर्चाचा माझा आकडा आता पूर्ण जमलाय. तुम्ही तुमचा मांडाल तेव्हा पैसा कुठून येतोय ते आधी जाऊन डोळ्यांनी बघा, फोनवर ठरवू नका. मला हे बैल गेल्यावर कळलं.

परवा संध्याकाळी आबांचा फोन आला. त्यांच्या आवाजामागे नेहमी मेंढरांची बें-बें असायची, इतकी की मला ओरडून बोलावं लागायचं. परवा मागे काहीच नव्हतं. आम्ही दोघंही सवयीने ओरडूनच बोललो.

"तिकीट काढलंस का?" त्यांनी विचारलं.

मी काढलं म्हणाले. काढलं नव्हतं. फोन ठेवून लॅपटॉप उघडला. लांब फिरणारे सगळे सांगतात की परतीची तारीख आधी ठरवू नये, पैसे अडकतात, पायात दोर पडतो. मी जायचं तिकीट बाजूला ठेवलं आणि पहिलं काढलं ते परतीचं.