शिशाची कलई

आज गल्लीत कलईवाला आला. नवसागराचा धूर नाकात चढला आणि मला धरणगावचं आमचं अंगण आठवलं. जर्मनची लढाई चालू होती, कथील महागलं होतं, अन् ते लबाड कलईवाले त्यात शिसं मिसळत. आमचं पितळी पातेलं चकचकीत होऊन आलं. बायकोने आतून बोट फिरवून मला दाखवलं.

“बोटले काळं लागस. यामा शिसं शे. पोरेस्ना पोटमा जाई.”

चार माणसं बसली होती. मी गुरकावलो, “तू काय सोनारनी पोर शे का? गुमान यामाच कढी रांध!” सगळे हसले. मी मिशीला पीळ दिला, गाढव कुठला. ती पातेलं उचलून आत गेली.

तिला जाऊन दोन महिने झाले. आज तेच पातेलं माळ्यावरून काढून कलईवाल्यापुढे ठेवलं. त्याने आत पाहिलं.

“आबा, कलई पडल्यावर यामा कोणी रांधेलच नही. पळीना एक ओरखडा नही.”

म्हणजे ती चोरून मातीच्या मडक्यात रांधायची, अन् जन्मभर मी तीच कढी खाल्ली. चुलीकडे कधी वाकून पाहिलं असतं तर कळलं असतं. उलट भुरके मारत मीच तिला त्या शिशावरून टोचायचो, “काय, मेलो का?”

ती नुसती आणखी वाढायची.