वाळूवरचे गोलीसर

बोलण्याआधी ते थुंकायचे. खरी थुंकी नसायचीच. जिभेच्या टोकावर वाळूचा कण आल्यासारखं नुसतं ‘थू’ करायचे आणि मग वाक्याला सुरुवात. पनवेलच्या भर बाजारात, भाजीवाल्यासमोर, एसटी स्टँडजवळच्या माझ्या फोटो स्टुडिओत, कुठेही. पुढचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असे, "घान हाय सगली."

बेलपाड्यातल्या त्यांच्या घरी ‘ण’ आणि ‘ळ’ कुणी वापरत नसे. पण घाणीला घाण म्हणताना ते जेवढं तोंड वाकडं करत, तेवढं शुद्ध बोलणाऱ्या कुणालाही जमलं नसतं.

पहिल्यांदा आले ते खेळाडूंचे आयकार्डाचे फोटो काढायला. माझ्याकडे आरशाखाली दोरीला बांधलेला एक कंगवा होता. तुम्हीही असा कंगवा कुठल्या तरी स्टुडिओत कधी ना कधी फिरवला असेल. त्यांनी तो दोन बोटांत उचलला, उजेडात धरला आणि मला विचारलं, "यानं तू लोकांचे भांग पारतो?"

"सगळे वापरतात, सर."

"म्हनून तं." त्यांनी दोरी तोडली, कंगवा मोरीत नेला आणि माझाच साबण घेऊन पाच मिनिटं घासत बसले. बाहेर सात-आठ मुलं-मुली रांगेत हसत उभी. मला राग आला होता. पण त्या दिवसापासून मी रोज कंगवा धुवायला लागलो, हेही खरं.

ते वाळूवरच्या फुटबॉलचे गोलकीपर होते. सगळे त्यांना गोलीसर म्हणत. हा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला नसेल. एका बाजूला पाच जण, पाय अनवाणी, आणि चेंडू कुठे टप्पा घेऊन कुठे उडेल याचा भरवसा नाही. तरुणपणी एकदा ते देशाच्या संघातून परदेशी खेळून आले होते. तिथल्या एका सामन्यात त्यांनी नऊ गोल खाल्ले. ही गोष्ट ते स्वतःच सांगत.

"पयल्या गोलला रडाया आलं. चौथ्याला राग आला. सातव्यानंतर मी त्यांचे पाय बघाया लागलो. तवा शिकलो."

परत आल्यावर त्या खेळाकडे कुणी पाहिलं नाही. संघ मोडला. एका सामन्यात त्यांचा उजवा खांदा निखळला तो कायमचाच सैल राहिला. मग कंटेनर यार्डातली नोकरी सांभाळून ते पोरांना शिकवायला लागले.

पनवेलला समुद्र नाही. खाडी आहे, आणि खाडीत चिखल. म्हणून दर रविवारी सकाळच्या एसटीने पंधरा-वीस जण उरणच्या पुढच्या एका किनाऱ्यावर जायचे. मीही दोन-चारदा फोटोच्या निमित्ताने गेलो. तिथे पहिला तासभर खेळ नसायचाच. प्रत्येकाच्या हाती गोणपाट. दारूच्या बाटल्या, जाळ्याचे तुकडे, लहान मुलांचे वापरलेले डायपर, विसर्जनानंतर परत आलेले देवाचे हात, सोंडा, मुकुट. मला तर ओकारी आली होती. गोलीसर प्रत्येक वस्तूला ‘थू’ करत आणि ती उचलत. सगळं उचलून झालं की स्वतः मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चालत, तळवे वाळूत खोल घासत. इंच न् इंच.

"आदी माजा पाय," ते म्हणत, "मंग तुमचा."

त्यांच्या तळव्यांवर किती जखमा होत्या ते मी पाहिलंय. त्यांच्या खेळाडूंच्या तळव्यांवर एकही नव्हती.

त्यांची सगळ्यात चांगली गोलकीपर सुकापूरची एक मुलगी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वडील रिक्षा चालवायचे. अंगाने बारीक, पण उडी मारली की आख्खा गोल झाकून टाकायची. तिच्याबद्दल बोलताना मात्र ते थुंकत नसत. "हिचे हात बग," मला म्हणायचे, "चेंडू अडवत नाय, झेलते."

पुढे जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेला नवे अध्यक्ष मिळाले. राजकारणातले होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंनी ठरवलं की राज्याच्या संघासाठी निवडचाचणी आणि किनाऱ्याची स्वच्छता मोहीम एकाच दिवशी घ्यायची. फोटोचं काम माझ्याकडे आलं. भाऊंचे बॅनर, वाढदिवस, उद्घाटनं, सगळंच माझ्याकडे असायचं.

मी सकाळीच पोचलो. गोलीसर आधीच आलेले. खेळाडू यायचे होते. किनारा आरशासारखा स्वच्छ, कारण आदल्याच रविवारी या लोकांनी तो झाडून काढला होता. तयारीला आलेला भाऊंचा माणूस चिंतेत पडला. त्याने फोन लावला आणि अर्ध्या तासात एक टेम्पो आला. त्यातून कचरा आला. शहरातला, ओला-सुका एकत्र, वास मारणारा. दोघा मजुरांनी फावड्याने तो वाळूवर सारखा पसरला. मी सवयीने दोन फोटो घेतले.

गोलीसर धावत गेले. "अरे, ही जागा साफ हाय."

"म्हणून तर, सर," तो माणूस नम्रपणे म्हणाला. "साफ जागेवर भाऊ झाडू कुठे मारणार?"

भाऊ आले. हातमोजे घातले, दहा मिनिटं झाडू फिरवला. फोटो झाले. मजुरांनी दिसेल तेवढा कचरा भरून नेला. तोवर खेळाडू एसटीतून उतरले होते. गोलीसर मैदानाकडे निघाले तेवढ्यात माईकवरून त्यांचं नाव पुकारलं, सत्कार आहे म्हणून. जाताना त्यांनी त्या मुलीला बजावलं, "मी येस्तवर कोनी उतरू नका गो."

व्यासपीठावर शाल, श्रीफळ आणि भाऊंचं भाषण. भाऊंनी त्यांचा हात हातात धरून ठेवला होता. गोलीसरांची नजर मैदानाकडे. तिकडे निवड समितीचे साहेब घड्याळ बघत होते, त्यांना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी शिट्टी वाजवून चाचणी सुरू केली. निवड व्हायची तर कोण थांबणार?

गोलीसरांनी हात सोडवून घेतला आणि ते पायरीकडे वळले. मी म्हणालो, "एक मिनिट सर, अजून एक. डोळे मिटले होते तुमचे."

ते थांबले. माझ्यासाठी थांबले.

मी बटण दाबलं तेव्हाच तिकडून किंकाळी आली. वाळूखाली फुटलेल्या ट्यूबलाइटच्या काचा होत्या, आणि ती मुलगी उजव्या हातावर पडली होती. गोलीसर व्यासपीठावरून सरळ खाली उडी मारून धावले. सत्काराची शाल तिच्या हाताभोवती गुंडाळली. शाल रक्ताने भिजायला वेळ लागला नाही. भाऊंची गाडी जवळच उभी होती. ड्रायव्हर शालीकडे बघून म्हणाला, "सीट खराब होईल, साहेब." भाऊंनी ते ऐकलं, आणि ते कुणाशी तरी फोनवर बोलायला लागले. शेवटी रिक्षातून नेलं.

हात वाचला. दोन बोटं मात्र पुन्हा वाकली नाहीत. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी मी काढलेला फोटो छापून आला, झाडू मारणाऱ्या भाऊंचा.

आठवड्याने गोलीसर स्टुडिओत आले. स्टुलावर बसले. तक्रार करायची होती, पण पुरावा नव्हता. टेम्पो त्या मजुरांखेरीज आम्ही तिघांनीच पाहिला होता, आणि त्यातला एक भाऊंचा माणूस.

"तू टेम्पोचा फोटो काढला व्हता," ते म्हणाले.

"मेमरी कार्ड भाऊंच्या माणसाने घेतलं, सर. माझ्याकडे काही नाही."

फोटो मागच्या खोलीत, कॉम्प्युटरवर होता. पंधरा दिवसांवर भाऊंचा वाढदिवस होता आणि बॅनरचं काम माझं होतं. आयुष्यात मी बऱ्याच घाणेरड्या गोष्टी पाहिल्या, पण ते वाक्य बोलताना माझाच आवाज ऐकून मला जेवढी किळस आली, तेवढी त्या डायपरचीही आली नव्हती. मला वाटलं आता ते थुंकतील. थुंकले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि उठले.

नंतरही ते खेळाडू घेऊन येत राहिले. माझ्याशी नीट बोलत. ती सुकापूरची मुलगीही असायची बरोबर, आता ती लहान मुलींना गोल सांभाळायला शिकवत होती. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. काही वर्षांनी यार्डात कामावर असतानाच त्यांना हार्ट अटॅक आला. बेलपाड्याला मी अंत्यदर्शनाला गेलो, पण लोकांच्या मागे उभा राहिलो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ती मुलगी स्टुडिओत आली. आयकार्डासाठी फोटो हवा होता. फॉर्मवर नावापुढे ‘प्रशिक्षक’ लिहिलेलं. मी मागे जाऊन तो टेम्पोचा फोटो मोठा छापून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला शिव्या देईल. दोन्हींची माझी तयारी होती.

तिने तो बराच वेळ पाहिला.

"सरांना माहीत होतं, तुमच्याकडे आहे ते," ती म्हणाली.

मी विचारलं, "मग त्यांनी परत का नाही मागितला?"

"मी जाऊन मागते, असं मी त्यांना म्हटलं होतं. सर नको म्हणाले. देईल तो कवातरी, म्हणाले. त्याला आपल्या हातानं देऊ दे."

"द्यायचा होता तो त्यांना," म्हणत तिने फोटो परत माझ्याकडे सरकवला आणि स्टुलावर ताठ बसली. मी दिवे लावले. कॅमेरा डोळ्याला लावला, तरी मला काही नीट दिसेना. ती न हलता बसून राहिली.