जनाबाईने बदललेला धवला

कोपरीत खाडीच्या अंगाला कोळ्यांची जुनी वस्ती होती. तिथे जनाबाई राहायची. बाजारात मासळी विकायची आणि लग्नसराईत धवलारीण म्हणून गायची. त्यांच्यातल्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. हळद लागण्यापासून वरात निघेपर्यंत एकेक विधी ती धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, गाऊन पार पाडते. हे धवले कुठे लिहिलेले नसतात, ऐकून ऐकून पाठ होतात. जनाबाईला ते तिच्या आत्याने शिकवले होते. आवाज जाडसर, जरा खरबरीत, पण तिने सूर धरला की मांडवातला गलका आपोआप कमी व्हायचा. आम्ही शेजारच्या चाळीत राहायचो, मूळचे कोकणातले. आमच्यात ही रीत नव्हती, तरी माझी आई तिचं गाणं ऐकायला वस्तीतल्या लग्नांना हौसेने जायची.

त्या धवल्यांत एक गोष्ट होती. मूल जन्मल्यावर सटवाई येते, पोरीच्या कपाळावर नवऱ्याचं नाव लिहून जाते. मग पोरगी कुठल्याही बंदराला लागो, कुणाच्याही होडीत बसो, शेवटी त्याच घराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहते. जनाबाई ही गोष्ट गायची तेव्हा नुसती गात नसे, तिचा त्यावर विश्वास होता. तिचं स्वतःचं लग्न असंच झालं होतं. विटाव्याची पोर, एक दिवस बापाने सांगितलं, कोपरीच्या दामाजीशी ठरलं, आणि ती आली. दामाजी शांत माणूस होता. दारू नाही, मारझोड नाही. कपाळावर चांगलं लिहिलं गेलं, असं ती म्हणायची.

त्र्याऐंशी साली तिच्या मुलीचं, रंभाचं लग्न झालं. नवरा चेंदणीचा धाकू. धवला जनाबाईनेच गायला. रंभाच्या कपाळावर सटवाईने धाकूचं नाव लिहिलंय, हे तिने मांडवभर घुमवलं होतं, असं आई सांगायची. दोन वर्षांत धाकू काविळीने गेला. आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, पण उशीर झाला होता. रंभा माहेरी परत आली. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी वाईट वागवलं असंही नाही, तीच म्हणाली, तिथं राहून काय करू.

त्यानंतर बरेच दिवस जनाबाईने गायचं सोडलं. कुणी सुपारी घेऊन आलं की घसा धरलाय म्हणून सांगायची. पुढे लोकांनी आग्रह केला म्हणून पुन्हा जाऊ लागली, पण सटवाईची कडवी ती घाईने उरकते हे आमच्या आईच्याही लक्षात आलं होतं.

रंभा कळव्याच्या बाजारात मासळी घेऊन बसू लागली. तिथे मासळीवाल्या बायकांसाठी पत्र्याची शेड बांधायचं काम निघालं. लोखंडी सांगाडा जोडायला भिवा नावाचा वेल्डर आला होता. खडवलीचा, शेतकरी घरातला, तिशी उलटलेला, लग्न न झालेला. त्याने काम सुरू करायच्या आधी बायकांना विचारलं, ऊन कुठून येतं आणि पाणी कुठून वाहून जातं. इतर बायका हसल्या. आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. रंभाने मात्र उठून नीट दाखवलं. दुपारी ऊन या कोपऱ्यातून येतं, पाणी तिकडे तुंबतं. त्याने खांब त्याप्रमाणे सरकवले. शेड पुरी झाली तरी तो येत राहिला. त्याच्या घरी माळकरी मंडळी, मासळी शिजत नसे. त्यामुळे तो कशासाठी येतो हे सगळ्या बाजाराला कळलं.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर रंभाने आईला सांगितलं. जनाबाई मासे साफ करत होती. तिने हात थांबवला नाही.

"जातीचा नाय," ती म्हणाली.

"नाय."

"मासळी खात नाय."

"मी बनवीन तेव्हा खाईन म्हनतो. नाय खाल्ली तरी माझं काय अडतंय."

जातीचं तिला फारसं नव्हतं. दामाजीचंही नव्हतं. अडचण वेगळी होती, आणि ती वस्तीचे पुढारी गुणाजी घरी आले तेव्हा बाहेर आली. गुणाजी म्हणाले, "पोर तरनी हाय, तिचं घर व्हायला पायजे, आमची ना नाय. पर दुसरेपनाचं लगीन. गाजावाजा नको. धवला लावू नका."

जनाबाईने मान डोलावली. गुणाजी गेल्यावर रंभा आईसमोर येऊन उभी राहिली.

"आये, तू गानार नाय?"

"कशी गाऊ? धाकूचं नाव तुझ्या कपाळावर लिवलंय असं मी साऱ्या गावासमोर गायलेय. आता त्याच तोंडानं दुसऱ्याचं नाव घेऊ?"

"मंग तेव्हा खोटं गायलीस?"

"खोटं नाय."

"तेव्हा खरं, तर भिवा माझा कोन? चोरीचा माल?"

रंभा काही रागाने बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते आईला जास्त लागलं.

दामाजी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. बायको बाहेर येऊन बसली तेव्हा तो म्हणाला, "तुना एक सांगायचं ऱ्हायलंय. माझं लगीन आधी दुसरीकडं ठरलेलं. मी तुना विटाव्याच्या धक्क्यावर बघितलेली. चिखलात रुतलेली होडी तू एकटी ओढीत होतीस आणि होडीलाच शिव्या देत होतीस. मी घरी जाऊन बापाला म्हनलो, मना ही पायजे. बाप चिडला. मी दोन दिस जेवलो नाय. मंग तो तुझ्या बापाकडं गेला."

जनाबाई त्याच्याकडे वळून बसली.

"सटवाईनं काय लिवलं ते मना ठावं नाय," तो म्हणाला. "मी तुना निवडली."

त्याला वाटलं असावं, ती खूश होईल. ती म्हणाली, "आणि मना कुनी इचारलं?"

दामाजीचे हात थांबले. "कुनी नाय," तो म्हणाला.

पुढचे काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. ती आमच्याकडे येऊन हे सगळं बोलली तेव्हा आईने विचारलं, "अगं, विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? नाही?"

"हो म्हनले असते वाटतं," जनाबाई म्हणाली. "पर आता ते कसं सांगू? तेव्हाची जना मना आता आठवत नाय. माझा संसार वाईट झाला नाय गो. जलमभर मी नशीब नशीब म्हनत ऱ्हायले, आणि तो एका मानसाचा हट्ट होता. हट्ट त्याचा होता, माझा बी असता तर बरं वाटलं असतं."

त्या महिन्यात ती मासे साफ करताना, पाणी भरताना काहीतरी पुटपुटत असायची. कुणाला वाटलं, जप करते.

लग्न दिवसाउजेडी, घरासमोरच्या मांडवात झालं. गुणाजी आणि इतर वडीलधारी मंडळी शेवटच्या रांगेत बसली होती. खडवलीहून भिवाचे आईवडील आले होते, जरा बिचकलेले. धवला होणार नाही असंच सगळे धरून चालले होते. जनाबाई उठली, नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि गायला लागली. धरतीचं, मांडवाचं, खाडीच्या देवांना आवतण देण्याचं सगळं नेहमीप्रमाणे झालं. मग सटवाईची कडवी आली. ती कडवी तिने अशी गायली:

सटवाय आली गो, लेखनी घेतली,
आरधी लिवली गो, आरधी ठेवली.
ऱ्हायली जागा गो पोरीच्या हाती,
इचारा पोरीला कोन तिचा साथी.

आणि ती थांबली. मांडवात कुजबुज सुरू झाली. तिने मुलीकडे पाहिलं आणि साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाली, "बोल रंभा. तू सांग."

नवरीने नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंफल्याशिवाय घ्यायचं नाही, अशी तेव्हा रीत. रंभाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भिवा."

मग जनाबाई भिवाकडे वळली. तो इतका गोंधळला की नाव घ्यायचं सोडून "हो, हो" म्हणाला. बायका हसल्या, त्याची आईसुद्धा हसली, आणि जनाबाईने पुढचा सूर धरला.

गुणाजींना ते आवडलं नाही. "धवला गावाचा हाय, तुझ्या घरचा नाय," ते जेवणाच्या पंगतीत तिला म्हणाले. तिने त्यांच्या पानात भात वाढला. त्या वर्षी कोपरीत तिला कुणी बोलावलं नाही. कळव्यातून मात्र बोलावणी आली, आणि दोन पोरींनी तर "ते इचारायचं कडवं" मुद्दाम मागून घेतलं. पुढे कोपरीतलेही आले. तिच्याएवढे धवले पाठ असलेली दुसरी बाई उरली नव्हती, हेही एक कारण होतं.

जनाबाईला वाटू लागलं होतं, आता प्रत्येक पोरीला हेच हवं असणार. चौऱ्याण्णव साली डोंबिवलीची सुमती लग्न ठरवून आली. त्यांच्याच नात्यातली, फोर्टातल्या ऑफिसात टायपिस्ट, मुलगा तिथलाच, परजातीचा. जनाबाई म्हणाली, "तुझ्यासाठी नवं कडवं गाते."

"नको आजी," सुमती म्हणाली. "जुनंच गा ना. सटवाईनं लिहिलेलं."

"अगं, तू तर सोता निवडलास."

"म्हणून तर. तीन वर्षं मी घरात रोज भांडतेय. का आवडला, कशासाठी आवडला, पुढे पस्तावशील, सगळ्यांना उत्तरं देऊन दमलेय मी. एक दिवस तरी कुणीतरी म्हणू दे की हे आधीच ठरलेलं होतं, हिचा दोष नाही."

जनाबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नात तिने जुनी कडवी गायली, घाई न करता, एकही शब्द न गाळता. सुमतीचे वडील ती ऐकून रडले, आणि मग उठून जावयाजवळ गेले.

तेव्हापासून हळदीच्या आधी ती नवरीला बाजूला घ्यायची. चहा मागवायची आणि विचारायची, तुना कुठली गोष्ट पायजे? पोरी लाजायच्या, काही लगेच सांगायच्या, एखादी आईकडे बघायची. तसं झालं की जनाबाई आईला बाहेर पाठवायची.

रंभा आणि भिवा कळव्यात राहिले. भांडणं व्हायची, मोठमोठ्याने व्हायची. "मीच निवडलाय ना, कुनाकडं तक्रार करू," असं म्हणत ती दोन दिवस माहेरी येऊन राहायची आणि जायची. त्यांना दोन मुली झाल्या. भिवा शेवटपर्यंत मासळी खायला शिकला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला जनाबाईचा आवाज बसला. रंभा धवले शिकली, पण तिला सगळे पाठ नव्हते. खडवलीला भिवाच्या चुलतबहिणीचं लग्न होतं, त्यांच्यात रीत नसली तरी नवरीने धवला मागितला होता, तिथे रंभा पहिल्यांदा एकटीने गायली. जनाबाई बायकांत हळदीचे हात घेऊन बसली होती. मध्येच रंभा एक ओळ विसरली आणि तिने तिथल्या तिथे काहीतरी जोडून गायलं. बायकांनी वळून म्हातारीकडे पाहिलं.

"गाऊ द्या," जनाबाई म्हणाली, आणि सरकून नवरीच्या पाठीला हळद लावू लागली.