मामासाहेब आणि मोटरीचा भोंगा

जिनिंगमध्ये नोकरी केली की अंगावर कापसाचा रुवा आणि डोक्यात किस्से साचतात. रुवा आंघोळीनं निघतो. किस्से मात्र चहाला चार जण जमले की आपोआप बाहेर पडतात. माझे बहुतेक किस्से एकाच माणसानं पुरवलेत. आमचे मामासाहेब!

देवगाव फाट्याजवळ एका शेटजींची जिनिंग होती. मी तिथं वायरमन. मामासाहेब म्हणजे शेटजींचे मेव्हणे, आणि तेवढ्या एकाच पात्रतेवर मॅनेजर. कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारी सगळी यंत्रं एका मोठ्या मोटरीवर, पट्ट्यानं फिरायची. ती मोटर एकाच हंगामात दोनदा जळाली, तेव्हा शेटजींनी लोडचा अलार्म असलेलं नवं पॅनल मागवलं.

*

पॅनल बसवायला पुण्याचा इंजिनिअर आला. विद्यापीठ नामांतराच्या बंदात एसटी अडकलेली, म्हणून बिचारा ट्रकमध्ये पोत्यांवर बसून आला. त्यानं मीटरवर दोन खुणेचे काटे लावून दाखवले.

"मोटरीचा काटा या लाल काट्याला भिडला, की लोड जास्त झाला. भोंगा वाजेल. या पिवळ्याच्या खाली उतरला, की लोड फारच कमी. तेव्हाही वाजेल."

मामांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे भोंगा वाजला की काम जोरात चालू हाय, असंच ना?"

इंजिनिअरनं माझ्याकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "परतीचा ट्रक किती वाजता आहे?"

*

घाईत इंजिनिअर पॅनलमधला टायमर सेट करायचा विसरला. सुरू होताना मोटर जास्त करंट ओढतेच. तेवढा वेळ भोंगा गप्प राहावा म्हणून तो टायमर. आता तो सेटच नाही, म्हणजे रोज सकाळी मोटर चालू केली की भोंगा बोंबलणार!

"कामून वरडायलीय ही?" मामा धावत आले. मी समजावून सांगायला लागलो, तर मामांनी नारळच मागवला. हळदीकुंकू वाहून पॅनलसमोर फोडला. मामा खोबरं वाटत होते तोवर मी स्क्रू ड्रायव्हरनं टायमरचं सेटिंग करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा गप्प. मामा सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बघ! वायरमन, जे तुला जमलं न्हाई ते नारळानं केलं!"

*

ऐन हंगामात कापूस ओला आला. यंत्रं जड चालायला लागली, की भोंगा सुरू. बाहेर बैलगाड्यांची रांग, आत मामांचा आरडाओरडा.

"तो लाल काटा वर सरकव की!"

"मामासाहेब, मोटरीच्या प्लेटवर जेवढा करंट लिहिलाय तेवढ्यावरच काटा पायजे. वर नेला तर मोटर जळती."

"मॅनेजर मी हाय का ती प्लेट?"

आणि स्वतःच्या हातानं मामांनी तो काटा पार शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. भोंगा बंद! मामांनी मोटरीच्या अंगावर थाप मारली. "आता कशी शहाण्यावानी चालायलीय!"

मामा जेवायला गेले, तसा मी काटा परत खाली आणला.

*

एकदा मोटरीवरचा पट्टा तुटला. यंत्रं जागेवर थांबली आणि मोटर एकटीच मोकळी फिरत राहिली. करंट धाडकन उतरला, म्हणून पिवळ्या काट्याचा भोंगा वाजला. मी आणि ऑपरेटर सोपानराव आतमध्ये दुसरा पट्टा शोधायला पळालो.

मामा मीटरपाशी आले. काटा बघून त्यांचा चेहरा उजळला. थेट शेटजींना फोन!

"दाजी, लाइट बिल निम्म्यावर आणलं! सेटिंगच तसं केलंय म्या."

शेटजी खूश होऊन जीपमधून आले. मीटर बघितला, मामांची पाठ थोपटली आणि इकडं तिकडं बघून विचारलं, "आणि रुई कुठाय?"

*

मग एक दिवस मोटर जळालीच. ओव्हरलोड झाला की मोटर आपोआप बंद पाडणारी वायर, काम सारखं थांबतं म्हणून, मामांनी बाहेरच्या एका वायरमनकडून गुपचूप काढून घेतली होती. दोष मात्र ठेवला सोपानरावावर. "उद्यापासून याचं काम बंद!" मामांनी जाहीर करून टाकलं. सोपानरावाचं अख्खं घर त्या कामावर. माणूस पांढराफटक पडला होता.

शेटजींनी आम्हा सगळ्यांना पॅनलसमोर उभं केलं.

"सोपान, भोंगा वाजला व्हता का?"

"वाजला की शेटजी. लय येळ वाजला."

"मंग बंदचं बटन कामून दाबलं न्हाई?"

सोपानरावानं एकदा मामांकडं बघितलं. मान खाली घातली. "दाबायलो व्हतो. मामांनी हात धरला. मामांच्या पोरीला बघायला आलेले पाव्हणे जिनिंग बघायला आणले व्हते. मामा म्हणले, वाजू दे, पाव्हण्यांना वाटंल कारखाना लय मोठा हाय."

कुणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. शेटजींनी त्या काळ्या पडलेल्या मोटरीवर बोट फिरवलं आणि काजळी धोतराला पुसली.

"सोपान, जा, कामाला लाग."

सोपानराव दोन पावलं गेला आणि कापसाच्या ढिगावर मटकन बसला.

शेटजी मामांकडं वळले. "पाव्हणे काय म्हणले?"

मामा पुटपुटले, "पोरगी पसंत हाय म्हणले, दाजी."

"मंग झालं तर!" शेटजी जीपकडं निघता निघता जळक्या मोटरीकडं बोट करून म्हणाले. "आमचा आहेर पोचला!"